पर्यावरणीय भूविज्ञानाचा प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन करावा का? खारपाणपट्ट्यातील एका भूगोल शिक्षिकेचा प्रश्न

पूर्णाकाठ

सर्वांना नमस्कार. मी अकोला जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमचे गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात येते. इथल्या विहिरींना पाणी आहे, पण ते पिण्याजोगे नाही, आणि तेच पाणी सलग काही वर्षे शेताला दिले तर जमीन चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी, होते. त्यामुळे आजूबाजूचे शेतकरी विहीर असूनही पावसाच्या ओलीवर हरभरा घेतात.

अकरावीच्या वर्गात भूजलाचा विषय निघाला की एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो : पाऊस तर गोड पडतो, मग तेच पाणी जमिनीत जाऊन खारट कसे होते? गावातील वडीलधारी माणसे म्हणतात की इथे पूर्वी समुद्र होता. पाठ्यपुस्तकात भूजलाची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे आणि आमच्या मातीला ती लागू करताना मला आत्मविश्वास वाटत नाही. म्हणून पर्यावरणीय भूविज्ञानाचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन करावा, असे मनात आहे.

माझ्या शंका अशा आहेत. माझे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण कला शाखेतून झाले आहे आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले. एवढ्या तयारीवर हा विषय झेपेल का? दुसरे, खडक हातात न घेता भूविज्ञान शिकणे कितपत खरे शिकणे असते? तिसरे, बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत, त्यांचा वेग मला पेलेल का? मला संध्याकाळचा वेळ आणि रविवार मिळतो, आणि गावातील इंटरनेट भरवशाचे नाही. प्रमाणपत्र मिळाले तर आनंदच आहे, परंतु मुलांना पटेल असे आणि खरे असलेले उत्तर देता यावे, हा मुख्य हेतू आहे.

कातळवाचक

नमस्कार ताई. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना भूविज्ञान शिकवतो, त्यामुळे पहिल्या शंकेचे उत्तर अनुभवाने देऊ शकतो. हा अभ्यासक्रम तुम्हाला निश्चित झेपेल. भूगोलात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला भूरूपे, नद्यांचे कार्य, विदारण, मृदा आणि नकाशावाचन हे आधीच येत असते, आणि प्राथमिक अभ्यासक्रमाचा मोठा भाग त्यावरच उभा असतो. खनिजे व खडक, भूपट्ट, भूकंप, दरडी, पूर, किनारे, भूजल व त्याचे प्रदूषण, मृदा, खाणकाम, कचऱ्याची विल्हेवाट आणि शेवटी भूवापराचे नियोजन, असा क्रम थोड्याफार फरकाने सगळीकडे आढळतो.

गणित कोणत्या पातळीचे लागते, हे एका उदाहरणावरून पाहा. शंभर हेक्टर क्षेत्रात भूजलाची पातळी एक मीटरने खाली गेली, तर किती पाणी उपसले गेले? झिजलेल्या बेसाल्टचे विशिष्ट उत्पन्न, म्हणजे खडकातून प्रत्यक्ष निथळणाऱ्या पाण्याचे प्रमाण, साधारण दोन टक्के धरतात, म्हणजे उत्तर येते २०,००० घनमीटर, अर्थात दोन कोटी लिटर. तेच क्षेत्र वाळूमिश्रित गाळाचे असेल आणि विशिष्ट उत्पन्न सोळा टक्के धरले, तर पाणी होते सोळा कोटी लिटर. गुणाकार आणि टक्केवारी यापलीकडे यात काही नाही. मात्र या एका हिशेबातून खडकाचा प्रकार बदलला की पाण्याचे सगळे चित्र का बदलते, हे विद्यार्थ्याच्या कायमचे लक्षात राहते. भूकंपाचे परिमाण (मॅग्निट्यूड) आणि पाण्याचा सामू (पीएच) या दोन्ही मोजपट्ट्या लॉगरिदमवर आधारलेल्या आहेत, तेवढे प्रकरण आधी उजळून घ्यावे. रसायनशास्त्रात आयन म्हणजे काय आणि एक आयन दुसऱ्याची जागा कशी घेतो, हे नीट समजले पाहिजे. तुमच्या भागातील पाण्याचे आणि मातीचे कोडे नेमके तिथेच सुटते.

आता माझी खरी चिंता सांगतो. प्राथमिक अभ्यासक्रम, मग ते भारतीय असोत वा परदेशी, उदाहरणे देताना हिमनद्या, चुनखडकातील विवरे आणि वालुकाश्मातील विस्तीर्ण जलधर (पाणी धरणारे थर) यांच्याकडे वळतात. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग मात्र दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत तयार झाला, आणि त्यात पाणी कणांमधील पोकळ्यांपेक्षा भेगांतून, सांध्यांतून आणि झिजलेल्या मुरमातून अधिक वाहते. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या खडकात पोकळ्या भरपूर दिसतात, परंतु त्या बहुधा झिओलाइटसारख्या खनिजांनी भरलेल्या किंवा एकमेकींपासून तुटलेल्या असतात. सच्छिद्रता (खडकातील पोकळ्यांचे प्रमाण) आणि पार्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हेन्री डार्सीने १८५६ मध्ये वाळूच्या स्तंभावर केलेल्या प्रयोगांचा धडा शिकताना कळते खरे, पण आपल्या विहिरीच्या बांधावर उभे राहून पाहिल्याशिवाय ते अंगी मुरत नाही. म्हणून प्रत्येक आठवड्याचा धडा संपला की तोच धडा आपल्या तालुक्यासाठी वहीत पुन्हा लिहून काढावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ज्या धड्याला स्थानिक उदाहरण सापडणार नाही, तिथे तसे स्पष्ट लिहून पुढे जावे.

उलट दिशेनेही हे खरे आहे. जलाशयामुळे घडणाऱ्या भूकंपांचा धडा जगात कुठेही शिकवला, तरी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा उल्लेख टाळता येत नाही. आपली भूमी या विषयाच्या परिघावर नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

अभ्यासक्रम कुठे करावा, याबद्दल माझे मत केंद्र सरकारच्या स्वयम संकेतस्थळाच्या बाजूने आहे. तिथे नावनोंदणी विनामूल्य आहे, व्याख्याने केव्हाही पाहता येतात आणि परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते. तुमचा हेतू पाहता परीक्षा ऐच्छिक ठेवावी. इंग्रजी संज्ञांसाठी मराठी विश्वकोशातील भूविज्ञानाच्या नोंदी उघडून ठेवाव्यात. त्या ऑनलाइन मोफत आहेत आणि अभ्यासूंनी लिहिलेल्या आहेत.

सत्र जुलै

मी नुकताच स्वयमवरील बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमामार्फत पूर्ण केला, त्यामुळे व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. दर आठवड्याला ध्वनिचित्रफिती येतात आणि त्यांवर स्वाध्याय असतो, त्याला मुदत असते. बारा स्वाध्यायांपैकी उत्तम आठांची सरासरी पंचवीस गुणांसाठी धरतात आणि उरलेले पंचाहत्तर गुण परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन दिलेल्या परीक्षेचे असतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान दहा आणि परीक्षेत किमान तीस गुण लागतात. नावनोंदणीच्या वेळी तुमच्या जवळचे केंद्र कोणते आहे, ते पाहून ठेवा.

इंटरनेटची अडचण मलाही होती. व्याख्याने आणि त्यांचे लिखित पाठ उतरवून घेता येतात. शहरात गेल्यावर आठवड्याचे सगळे साहित्य एकदम घेऊन ठेवले की संध्याकाळी निवांत पाहता येते. वेग कमी करून ऐकल्यास आणि समोर लिखित पाठ ठेवल्यास इंग्रजीचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर फारसा जाणवत नाही. मात्र आठवडा चुकवू नये. भूजलाचा धडा खडकांच्या धड्यावर अवलंबून असतो आणि प्रदूषणाचा धडा भूजलाच्या, त्यामुळे मधली कडी निसटली की पुढे नुसते पाठांतर होते.

सॅक्रामेंटोकर

पूर्णाकाठ ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही. माझे माहेर अमरावती जिल्ह्यातील दर्यापूरकडचे, त्यामुळे खारे पाणी मी लहानपणापासून ओळखते. इथे कॅलिफोर्नियात आल्यावर मी स्थानिक महाविद्यालयाचा पर्यावरणीय भूविज्ञानाचा ऑनलाइन अभ्यासक्रम प्रयोगशाळेसह पूर्ण केला. खडक हातात न घेता शिकता येते का, या तुमच्या शंकेबद्दल लिहिते.

आमच्या अभ्यासक्रमात खडक हातात घ्यावे लागत होते. सत्र सुरू होताना पोस्टाने एक खोके आले. त्यात खनिजांचे आणि खडकांचे नमुने, काठिण्य तपासण्यासाठी काचेची पट्टी, खनिजाची रेघ पाहण्यासाठी चकाकी नसलेली फरशी, भिंग आणि सौम्य आम्लाची लहान बाटली होती. नमुना ओळखायचा, कारण लिहायचे आणि छायाचित्रासह उत्तर पाठवायचे, अशी पद्धत होती. दिसायला सारख्या असलेल्या क्वार्ट्झ आणि कॅल्साइटमधला फरक व्याख्यानात ऐकणे वेगळे आणि एकाने काचेवर ओरखडा उठतो तर दुसऱ्यावर आम्लाचा थेंब पडताच बुडबुडे येतात, हे स्वतःच्या टेबलावर पाहणे वेगळे. भारतातील मोफत अभ्यासक्रमांत असे खोके मिळत नाही, पण तुमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असेलच. शेतातल्या काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांवर, सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली, त्याचा एक थेंब टाकून पाहा.

दुसरा चांगला भाग नकाशांचा होता. सॅक्रामेंटो शहर दोन नद्यांच्या संगमावर, बांधांच्या आधाराने वसलेले आहे. आम्हा प्रत्येकाला आपल्या घराचा पत्ता सरकारी पूरनकाशावर शोधून धोक्याचा अहवाल लिहायला सांगितले होते. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर नव्हे, तर दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो येण्याची शक्यता सुमारे सव्वीस टक्के निघते, हा हिशेब मी त्या अहवालात स्वतः मांडला. तेव्हापासून पूररेषेविषयीची कोणतीही बातमी मी अधिक जाणतेपणाने वाचते.

तुमच्या विषयाशी जवळचे एक उदाहरणही सांगते, कारण मला ते शिकताना सारखे आमचे दर्यापूर आठवत होते. इथल्या सॅन होआकिन खोऱ्याच्या पश्चिम भागात सिंचन वाढले, खाली चिकणमातीचे थर असल्याने पाणी साचू लागले आणि क्षार वर आले. ते पाणी चर काढून केस्टरसन नावाच्या जलाशयात सोडण्यात आले. त्या पाण्यात क्षारांबरोबर सेलेनियमही होते. शेजारच्या डोंगरांतील सागरी गाळाच्या खडकांतून ते आले होते. १९८३ मध्ये तिथे पाणपक्ष्यांची विकृत पिल्ले आढळली, तेव्हा हा प्रकार जगासमोर आला. त्याच खोऱ्यात मेंडोटा गावाजवळ भूजल उपशामुळे १९२५ ते १९७७ या काळात जमीन जवळजवळ नऊ मीटर खचली. खांबावर वर्षांच्या पाट्या लावलेले ते छायाचित्र तुम्हाला अभ्यासक्रमात बहुधा दिसेलच. पूर्णेच्या खोऱ्यात सिंचन वाढवण्याच्या गोष्टी निघतात तेव्हा निचऱ्याचा विचार आधी झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पाणी आणण्याइतकेच ते बाहेर काढणेही महत्त्वाचे आहे.

निरीक्षण विहीर

माझी नोकरी भूजल मोजण्यात गेली आणि त्यातील बराच काळ विदर्भात. सॅक्रामेंटोकर ताईंनी निचऱ्याचा मुद्दा मांडला तो अगदी योग्य आहे. मी मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मुलांनी विचारलेला प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर समुद्राचा आधार न घेताही देता येते.

पूर्णेच्या खोऱ्यातील गाळ नद्यांनी आणलेला आहे आणि भूवैज्ञानिक मोजमापाने तो अलीकडचा, चतुर्थक कालखंडातील आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी मोठा प्रस्तरभंग (खडक तुटून सरकल्याची रेषा) आहे, त्याच्या दक्षिणेकडील खोलगट भागात हा गाळ साचत गेला आणि काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो मीटर आहे. पाऊस जवळजवळ गोड असतो, परंतु संपूर्ण क्षारमुक्त नसतो. तो मातीत उतरताना कर्बवायू घेऊन किंचित आम्लधर्मी होतो आणि बेसाल्टच्या झिजेतून सुटलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम सोबत घेतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने बाष्पीभवन. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यातील कॅल्शियम सर्वांत आधी चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून शेतात ते पांढरे खडे दिसतात. उरलेल्या पाण्यात सोडियमचे प्रमाण वाढत जाते. त्यातच चिकणमातीच्या थरांमुळे पाणी अतिशय संथ सरकते आणि क्षार धुऊन नेण्याइतका प्रवाह कधी मिळत नाही. हजारो वर्षे हे चालले की पाणी खारे होते.

याचा पडताळा खोऱ्यातच घेता येतो. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी गोटे आणि भरड वाळू आहे. तिथे पाणी झटकन मुरते आणि पुढे सरकते, म्हणून अकोट, तेल्हारा भागातील पायथ्याच्या पट्ट्यात विहिरी गोड्या आहेत आणि बागा उभ्या आहेत. तिथून दक्षिणेला नदीकडे येऊ लागलात की गाळ बारीक होत जातो आणि पाणी खारे. पाऊस सगळीकडे तोच पडतो, फरक आहे तो गाळाच्या पोताचा आणि पाण्याच्या मुक्कामाचा.

अभ्यासक्रमाबद्दल इतकेच सांगतो की तो अवश्य करा. फक्त भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात एकदा जाऊन आपल्या तालुक्यातील निरीक्षण विहिरींच्या नोंदी पाहा. या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. आलेख काढायला शिकवणारा धडा आला की पुस्तकातल्या आकड्यांऐवजी हे आकडे वापरा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर तुमच्या भागाचा भूवैज्ञानिक नकाशाही मिळेल.

पूर्णाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. कातळवाचक सरांच्या सूचनेप्रमाणे स्वयमवर नावनोंदणी करते आणि वहीही घालते. निरीक्षण विहीर काका, एक विचारू का? अभ्यासक्रम चालू असताना मुलांना सोबत घेऊन काही मोजमाप करता येईल का? महाविद्यालयाकडे पैसे फारसे नाहीत. आणि चोपण जमीन ओळखण्याची साधी चाचणी आहे का?

निरीक्षण विहीर

जरूर करता येईल. पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारा खिशातला मीटर घ्या, तो फार महाग नसतो. थेट क्षार दाखवणारे मीटर आतल्या आत वेगवेगळे गुणक वापरतात, त्यामुळे वाहकता दाखवणाराच बरा. आधी त्याची खात्री करा : एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवले की वाचन सुमारे २,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर आले पाहिजे. वाहकतेला ०.६४ ने गुणले की विद्राव्य क्षारांचा ढोबळ अंदाज मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते. मीटर फक्त एकूण क्षार सांगतो. फ्लोराइड आणि नायट्रेट त्यातून कळत नाहीत, म्हणून कमी वाचन आलेली विहीर पिण्यास योग्य आहे, असे मुलांनी गावात सांगू नये.

सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेपर्यंतच्या रस्त्यावरील वापरात असलेल्या विहिरी निवडा. मालकाची परवानगी घ्या, उपसा चालू असताना पाणी घ्या आणि काठावरून वाकण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे. विहिरीची खोली, पाण्याची पातळी, बाहेर काढलेल्या मातीचा पोत आणि वाहकता एवढे लिहून अंतराप्रमाणे आलेख काढा. एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा पावसाळा सरल्यावर मोजले तर तुलना करता येईल.

चोपण जमिनीची चाचणी आणखी सोपी आहे. शेतातील वाळलेले, वाटाण्याएवढे ढेकूळ घ्या आणि काचेच्या पेल्यातील पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात अलगद सोडा. पेला हलवू नका. ढेकूळ नुसते फुटून तळाशी बसले आणि पाणी स्वच्छ राहिले, तर काळजीचे कारण कमी. काही तासांत ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला, तर मातीच्या कणांवर सोडियम जास्त आहे. एक खबरदारी मात्र घ्या. मातीत विरघळलेले क्षार खूप असतील तर ढग दिसत नाही, कारण क्षार कणांना एकत्र धरून ठेवतात. पावसाने ते क्षार धुतले की तीच माती विखुरते, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच साचते. म्हणून त्याच ढेकळाची माती दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा चाचणी करा. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर जिप्सम विरघळवून तीच चाचणी लावली तर ढग येत नाही किंवा फार कमी येतो. जिप्सममधले कॅल्शियम कणांना एकत्र आणते आणि सोडियमची जागा घेऊ लागते, आणि चोपण जमिनीत जिप्सम टाकण्याचा सल्ला कृषी विद्यापीठे याच आधारावर देतात. शेतात मात्र सुटलेला सोडियम वाहून जाण्यासाठी चर असावे लागतात, नुसते जिप्सम टाकून भागत नाही.

मुलांचे वाचन हाती आले की आलेख इथे टाका. गोड्या पट्ट्याची सीमा नकाशावरील गाळाच्या सीमेशी किती जुळते, ते मला पाहायचे आहे.